बंद केला होता

साबणाच्या कारखान्यात पूर आला, हे ऐकून बाहेरचे लोक हसले. आतल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या टाकीचा नळ रात्रभर वाहिला, पाणी गोदामात शिरलं, आणि सकाळी दारं उघडली तेव्हा फेस मॅनेजरच्या केबिनपर्यंत चढला होता. मॅनेजर आत गेला आणि बराच वेळ कुणाला दिसला नाही.

टाकी, पंप आणि नळ हे सगळं पंपमामांच्या ताब्यात. तेव्हा संशय कुणावर, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी नळ बंद केला होता," मामा म्हणाले. छातीठोकपणे म्हणाले, कारण नळाचं ते गार, ओलं चाक त्यांच्या हाताला अजून आठवत होतं. पण कारखाना नुकताच एका फ्रेंच कंपनीनं घेतला होता, आणि नव्या नियमानुसार चौकशीत जबाब फ्रेंचमध्येच द्यायचा होता. जबाब पटला तर नोकरी, नाही तर घरी. आता पंप चालवणाऱ्या माणसानं फ्रेंच कुठून आणायचं, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडला नव्हता. तो कधीच पडत नाही.

मामांच्या नशिबानं मेहुणी फ्रेंच शिकवायची. ती आली, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, एकच वाक्य पाठ करायचं. पण काळ चुकला की मेलात."

"कसला काळ?"

"नुसतं 'बंद केला' म्हणालात, तर ते विचारतील, कधी? पूर आल्यावर? तुम्हाला म्हणायचंय 'बंद केला होता'. आधी नळ बंद, मग पूर. तुमची सगळी नोकरी त्या 'होता'वर लटकलीय. म्हणा, जाव्हे फेर्मे."

"जावे फेर्मे."

"कुठे जावे म्हणताय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. "आधी भाजी आणा, मग कुठे जायचं तिथे जा."

मेहुणीला शिकवायची एकच रीत ठाऊक होती. पूर्ण तक्ता, वरपासून खालपर्यंत, एका सुरात. जाव्हे फेर्मे, मी बंद केला होता. त्यू आव्हे फेर्मे, तू बंद केला होतास. ईल आव्हे फेर्मे, त्यानं. नूझाव्हियों फेर्मे, आम्ही. वूझाव्हिये फेर्मे, तुम्ही. ईलझाव्हे फेर्मे, त्यांनी. "सरळ क्रियापद आहे," ती म्हणाली. "शेपूट सगळीकडे तेच, फक्त तोंड बदलतं." मामांना ही भाषा एकदम ओळखीची वाटली. ऑफिसातही असंच चालायचं.

मग मामांनी ध्यासच घेतला. दाढी करताना फेर्मे, अंघोळीत फेर्मे. झोपेत कूस बदलली की पुरुष बदलायचा. बायको वैतागली, पण एकदा भाजी निवडता निवडता तीच गुणगुणताना सापडली. फक्त एक अडचण राहिली. मामांना पहिल्यावर थांबता येईना. "भाऊजी, तुम्हाला फक्त 'मी' हवाय, बाकीचे सोडा!" मेहुणी कळवळून सांगायची. पण गाडी उतारावर लागली की ब्रेक लागायचा नाही.

चौकशीसाहेब लांबलचक टेबलामागे बसले होते. शेजारी मॅनेजर, त्याची पँट अजून साबणानं कडक. पलीकडे गोदामप्रमुख आणि दोन कारकून. साहेबांनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मामांना त्यातलं 'फेर्मे' तेवढं कळलं. पुरेसं होतं.

"जाव्हे फेर्मे," मामा म्हणाले. साहेबांनी मान डोलावली.

इथे थांबले असते तर गोष्टच नव्हती. पण मामांचं बोट आपोआप साहेबांकडे वळलं. "त्यू आव्हे फेर्मे." खुद्द साहेबांना अरे-तुरे! साहेब खुर्चीत ताठ झाले. बोट मॅनेजरकडे गेलं. "ईल आव्हे फेर्मे." मग दोन्ही हात पसरून सगळ्यांना कवेत घेत, "नूझाव्हियों फेर्मे!" मग परत साहेबांकडे, या वेळी आदरानं, "वूझाव्हिये फेर्मे." आणि शेवटी भिंतीपलीकडच्या अख्ख्या कारखान्याकडे हात करून, "ईलझाव्हे फेर्मे." आपण नोकरीवर पाणी सोडलं, हे मामांना कळून चुकलं.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मॅनेजरकडे वळून, मामांनाही कळावं म्हणून असेल, मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "यानं बंद केला होता, मी बंद केला होता, तुम्ही, सगळ्यांनी बंद केला होता?"

मॅनेजरनं विचार केला. नाही म्हणावं, तर आपण नळ बंद केला नव्हता, हे कबूल होतं. "होय," तो घाईघाईनं म्हणाला. "मी तर केलाच होता." गोदामप्रमुखानंही केला होता. कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही केला होता.

"मग इतक्या माणसांनी बंद केलेला नळ वाहील कसा?" साहेबांनी टेबलावर हात आपटला. शेवटी साहेबांनीच निकाल दिला. नळ बंद होता, त्याअर्थी पाणी आलं नव्हतं, त्याअर्थी पूर आला नव्हता. मॅनेजरनं उभं राहून अनुमोदन दिलं, तेव्हा त्याच्या पँटमधून कडकड आवाज आला. मामांची नोकरी वाचली.

घरी आल्यावर मेहुणीनं टाळ्या पिटल्या. बायकोनं डोळ्याला पदर लावला. इतके दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले होते, हे मामांना तेव्हा कुठे जाणवलं. मेहुणी गेल्यावर ती त्यांच्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, आता घरातल्या घरात सांगा. मी कुणाला बोलणार नाही. खरंच केला होतात ना बंद?"

"म्हणजे काय!" मामा म्हणाले आणि त्या संध्याकाळचं चाक आठवायला गेले. हात पुढे धरला, बोटं वळवून पाहिली. चाक काही हाताला येईना. कुठल्या बाजूला फिरवलं होतं? फिरवलं होतं का? पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. डोक्यात 'जाव्हे'पासून 'ईलझाव्हे'पर्यंत सगळे ओळीनं उभे होते, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. नळ मात्र कुठेच नव्हता.

"अहो?" बायको म्हणाली.

मामांनी तोंड उघडलं. पण मराठीत ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

बायको उठली आणि मोरीतला नळ स्वतःच्या हातानं घट्ट बंद करून आली.