तिथं ब्रेक नाहीये

शरद ऋतूत अर्धांगवायूनं कॅझचा उजवा पाय लुळा पडला आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची कायमची बंदी केली. रेजिनाचा जीव नवऱ्यासाठी तुटला, पण खोटं कशाला बोला, मनात कुठंतरी तिला हायसंही वाटलं. आता तरी ती लाल शेव्हेल, कॅझची जुनी लाडकी गाडी, गॅरेजमध्ये गप पडून राहील, असं तिला वाटलं होतं.

पण गप बसेल तो कॅझ कसला! दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्यानं विषय काढला. गाडी तू चालव, मी शेजारी बसतो, म्हणाला. नाहीतर विकून टाकतो. नुसत्या उभ्या गाडीकडे बघत बसणं मला जमायचं नाही.

"माझी छोटी गाडी मी कुठंही नेईन," रेजिना म्हणाली. "पण ही लाल बया थांबत नाही, कॅझ. जी थांबत नाही, तिला मी हात लावणार नाही."

बोलणं काही वावगं नव्हतं. त्यांच्या गावात चर्चपासून नदीपर्यंत एकच लांब, वळणावळणाचा उतार आहे आणि तळाशी रेल्वेचं फाटक. मुलगी लहान होती, मागच्या सीटवर झोपलेली होती, तेव्हाची गोष्ट. निम्म्या उतारावरच जुने ड्रम ब्रेक तापून निकामी झाले. कॅझ पेडलवर अक्षरशः उभा राहिला, तरी गाडी आपली चाललीच. थांबली तेव्हा तिचं नाक रुळांवर होतं. आगगाडी यायची होती, आली नव्हती, एवढंच काय ते नशीब.

त्या दिवसानंतरही रेजिनानं कानाला खडा लावला नाही, नवऱ्याशेजारी बसणं सोडलं नाही. पण उतार आला की तिचा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळाशी अंथरलेल्या सतरंजीवर गच्च दाबला जायचा. आणि दर वेळी कॅझ हसून म्हणायचा, "जीना, तिथं ब्रेक नाहीये." चाळीस वर्षं हेच. पाय दाबून दाबून त्या जागी सतरंजीला तळहाताएवढं भोक पडलं होतं.

"ठीक आहे," कॅझ म्हणाला. "मग मी तिला थांबती करतो."

सगळा हिवाळा तो त्या गाडीखाली होता. पाय साथ देत नव्हता, हात देत होते. जड कामाला स्टॅश यायचा, पोलाद कारखान्यातला त्याचा जुना दोस्त. हा स्टॅश म्हणजे एक नमुनाच. त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा एकेक नट कारखान्यातून आला तस्साच होता आणि तो त्याला देवासारखा जपायचा. कॅझ मूळ ब्रेक काढतोय म्हटल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हाताऱ्या, शुद्धीत आहेस ना? जुन्या गाड्यांच्या मेळ्यात कुणी ढुंकून बघणार नाही हिच्याकडे."

"नको बघू देत," कॅझ म्हणाला. "मला तिच्याकडे बघायचं नाहीये रे. तिच्यात बसायचंय, रेजिनाच्या शेजारी."

कुरकुरत का होईना, स्टॅशनं सगळं केलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले. पेडल हलकं व्हावं म्हणून बूस्टर बसला. नवे शॉकॲब्सॉर्बर आले, ताठ स्प्रिंगा आल्या, वळणावर गाडी होडीसारखी कलू नये म्हणून खालून जाड आडवा दांडा आला. जाता जाता ती फाटकी सतरंजीही बदलू, असं स्टॅश म्हणाला, तर कॅझ त्याच्यावर खेकसलाच. तेवढी राहू दे. एवढं सगळं नवं करून शेवटी सतरंजीपाशी घोडं अडलं, रेजिनाला काही कळेना.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी पडून बारीक स्क्रू सैल करायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. नेमकं त्याच दिवशी कॅझनं स्टॅशला येऊ नको म्हणून सांगितलं, आणि काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"जीना, जरा तुझा पाय पाहिजे होता."

डाव रेजिनाच्या ध्यानात आला, पण ती हात पुसून उठली. त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली.

"दाब," चाकापाशी आडवा पडलेला कॅझ म्हणायचा. "धर. सोड. दाब. धर."

आधी पेडल मळलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. मग हळूहळू घट्ट होत गेलं. त्याच्या शब्दासरशी आपला पाय हलतोय, आपण त्याचा पाय झालोय, हे तिला उमगलं आणि डोळे भरून आले. "धरलंय," ती म्हणाली.

मग गल्लीच्या टोकापर्यंत जायचं ठरलं. कॅझ जन्मभर जसा ब्रेक मारायचा, तसा रेजिनानं सगळा भार टाकून मारला. गाडी जागच्या जागी थिजली आणि कॅझची टोपी उडून काचेवर आपटली. दोघंही पोट धरून हसले. लाथ नको मारूस, कॅझ म्हणाला, आता ती ऐकते.

मे महिन्यात नदीकाठी जुन्या गाड्यांचा मेळा भरला. तिथं जायला तोच उतार. मागोमाग स्टॅशही आपल्या गाडीतून निघाला होता. वर चर्चपाशी रेजिनानं गाडी थांबवली, तेव्हा कॅझ शांतपणे म्हणाला की भीती वाटली तर वळव. गिऱ्हाईक तयार आहे. विकून टाकीन आणि पुन्हा तिचं नाव तोंडातून काढणार नाही.

रेजिनानं गाडी उतारावर घातली.

पहिलं वळण आलं, गाडी कलली नाही. दुसरं आलं. उतार वाढला, वेग वाढला, आणि खाली फाटकाची घंटा वाजायला लागली. लाल दिवे लागले, दांडी खाली यायला लागली. रेजिनानं पेडल दाबलं. धरलं. ती लाल बया शहाण्या पोरीसारखी हळू होत होत पांढऱ्या रेघेच्या चांगलीच अलीकडे थांबली.

रेजिनानं श्वास सोडला आणि शेजारी पाहिलं. कॅझनं डोळे मिटून घेतले होते. एका हातानं दाराची मूठ आवळली होती. आणि चांगला असलेला डावा पाय तिरका करून सतरंजीच्या भोकात जीव खाऊन दाबला होता.

"कॅझ," ती म्हणाली, "तिथं ब्रेक नाहीये."

त्यानं डोळे उघडले. पायाकडे बघितलं, पण पाय काढला नाही.

"असं व्हायचं होय तुला?"

"दर वेळी."

"आणि मी हसायचो." त्यानं दाराची मूठ सोडली. "चुकलं गं माझं, जीना. हे भोक असू दे म्हटलं होतं, कधी तरी तुझ्या जागी बसायचंच होतं म्हणून. पाय बरोब्बर बसतो बघ."

समोरून मालगाडी जायला लागली, डब्यामागून डबे. रेजिनानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि फाटक उघडल्यावर मागून स्टॅश हॉर्न वाजवायला लागला तरी हात काढला नाही.