बैल मागून पाहावा

शेपूट

मुक्ताई फाटकातून आत आली ती सरळ बैलाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आत्या, तोंड इकडे आहे," साईनाथ हसत म्हणाला. "फोटो पुढून काढायचाय."

"तू काढ पुढून."

बैल फायबरचा होता. पांढराशुभ्र, खऱ्यापेक्षा हातभर उंच, सोसायटीच्या हिरवळीवर मधोमध चौथरा बांधून उभा केलेला. त्याच्या पायाशीच 'पाळीव प्राण्यांना लॉनवर आणू नये' अशी पाटी होती. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असेल तर त्यालाही कमिटीचा ठराव लागत असेल.

मुक्ताईनं काखेतली कापडी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली आणि शेपटीवरून हात फिरवला. जाड झाली होती. खिलाराची शेपूट चाबकासारखी बारीक हवी, गोंडा खुराच्या जरा वर टेकायला हवा. हिचा गोंडा मध्येच कुठेतरी संपला होता.

आबा, म्हणजे तिचे वडील, म्हणायचे, बैल मागून पाहावा. तोंड भुलवतं. बघणारा आधी डोळ्यांत अडकतो आणि मग त्याला काहीच दिसत नाही. शेपटीपासून सुरुवात करावी आणि नाकाशी थांबावं. तोवर जनावरानं आपलं सगळं सांगितलेलं असतं.

"कसा वाटला?" साईनाथनं विचारलं.

"कुणी केला?"

"कात्रजचा एक आर्टिस्ट आहे. गणपती करतो एरवी."

"तरीच पोट सुटलंय," मुक्ताई म्हणाली आणि पुढे सरकली.

खूर

खुरांपाशी ती वाकली, तेव्हा गुडघा कुरकुरला. खूर काळे रंगवले होते, ते बरोबर होतं. पण चौथरा होता तिथे पूर्वी दावण होती, हे तिला कुणी न सांगताही कळत होतं. दावणीच्या डाव्या अंगाला पाण्याची दगडी डोण, उजवीकडे कडबा, आणि मधल्या मोठ्या खुंट्याला वळू. धायरी तेव्हा गाव होतं आणि गावाचा वळू तिच्या माहेरी बांधलेला असे. आबांच्या आधी त्यांच्या वडिलांनी सांभाळला, त्याआधी आणखी कुणी.

नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, कुठून कुठून लोक गायी घेऊन यायचे. वळूचे पैसे घ्यायचे नाहीत, हा घराचा नेम. गाय व्याली की पहिल्या धारेचा चीक तेवढा या घरी यायचा. दिवाळीच्या सुमाराला चुलीवर खरवसाची पातेली ठेवायला जागा पुरायची नाही. मुक्ताई लग्नानंतर तीन वर्षांतच पांढऱ्या कपाळानं परत आली, तेव्हा रडायला बसायला तिला सवडच मिळाली नाही. आबांनी तिच्या हातात शेणाची पाटी दिली आणि म्हणाले, "याला दोन वेळा लागतं. माणसांचं नंतर बघू."

घराचा आणखी एक नेम होता. म्हातारा बैल शेवटचे श्वास घेऊ लागला की आबा विळा घेऊन उठायचे आणि त्याच्या नाकातली वेसण कापून काढायचे. जन्मभर नाकातून दोर ओवून त्याला वागवलं, निदान जाताना तरी मोकळा जाऊ दे. बांधलेलं जनावर मरू देऊ नये. धाकटा भाऊ संभा तेव्हा आबांच्या शेजारी उभा राहून बैलाचं तोंड धरायचा. धरताना डोळे मिटून घ्यायचा.

वशिंड

वशिंड चांगलं जमलं होतं. गणपती करणाऱ्याच्या हाताला गोलाई कळते. मुक्ताईनं त्याच्यावर तळवा ठेवला. उन्हानं तापलेलं होतं, आणि क्षणभर तिला ते जिवंत वाटलं.

अशाच वशिंडावर हात ठेवून संभानं शपथ घेतली होती.

बिल्डरची माणसं येऊन गेल्याला महिना झाला होता. बहिणींच्या हक्कसोडीशिवाय व्यवहार पुढे सरकत नव्हता. धाकटी बहीण भोरला दिलेली, तिनं येऊन सही केली आणि साडी घेऊन गेली. मुक्ताई मात्र गोठ्यातून बाहेरच येईना. शेवटी संभाच आत आला आणि शेणातच उकिडवा बसला.

"आक्का, तुला काय पाहिजे ते सांग. फ्लॅट तुझ्या नावावर करतो."

"मला फ्लॅट नको."

"मग?"

"कापशाचं काय करणार?"

कापशा म्हणजे त्या घरातला शेवटचा वळू. ऐन भरातला. सोसायटीच्या नकाशात त्याला जागा नव्हती.

"गायी असलेल्या घरी दे त्याला," मुक्ताई म्हणाली. "वंश चालला पाहिजे. मग मी सही करते. हिस्सा नको, काही नको."

संभा उठला आणि त्यानं कापशाच्या वशिंडावर हात ठेवला. "म्हसवडला माझ्या ओळखीचं खिलारवाल्यांचं घर हाय. दावणीला गायीच गायी. याच्या अंगावर हात ठेवून सांगतो."

तिनं सही केली. जायच्या आदल्या संध्याकाळी बसून नवी वेसण वळली. पांढरंशुभ्र सूत, आणि त्यात आपल्या खणाच्या चोळीची हिरवी चिंधी पिळून घातली. मुलगी सासरी जाताना काहीतरी हिरवं लागतंच. सकाळी स्वतःच्या हातानं ती कापशाच्या नाकात ओवली. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तो मागे वळून बघत होता, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. खरं तर टेंपोत तो उलट्या तोंडानंच बांधला होता.

जनावर दुसऱ्याला देताना दावं द्यायचं नाही, गळ्यातून काढून परत आणायचं. दावं गेलं तर दावणीची बरकत जाते. नेणारा आपलं दावं घेऊन येतो. जनावराबरोबर जाते ती फक्त वेसण, कारण वेसणीशिवाय वळू कुणाला हाताळता येत नाही. संभा दिवेलागणीच्या आत परत आला. म्हसवडची माणसं हडपसरपर्यंत सामोरी आली होती म्हणाला. कापशाचं दावं त्यानं तिच्या हातात ठेवलं. दावण राहिली नव्हती, तरी तिनं ते आपल्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. दर पोळ्याला हळदकुंकू लावलं.

आज तेच दावं पिशवीत होतं. संभाची सून, साईनाथची बायको तेजस्विनी चार दिवस मागे लागली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये तिनं जुन्या गोठ्याच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं, जुन्या माणसांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. 'आमच्या मातीची माणसं' असं काहीतरी नाव होतं. मुक्ताईनं समारंभात दावं अर्पण करायचं आणि दोन शब्द बोलायचं, असं ठरलं होतं.

भोवरा

"कपाळावर भोवरा नाही काढला," मुक्ताई म्हणाली.

"मी सांगितलं होतं त्याला, आक्का." संभा पाठीमागून आला होता. गुलाबी फेटा, नवा कुडता, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदू काढून आठवडाच झाला होता. "तो म्हणाला, डिझाइनमध्ये बसत नाही."

सोसायटीतल्या दोघीतिघी मुलांना घेऊन आल्या होत्या. संभाभोवती लगेच कोंडाळं झालं. तो बोलायला बसला की लोक उठत नसत.

"खऱ्या कापशाचा भोवरा कसा, उजव्या भुवईच्या वर, असा. म्हसवडला त्याची पैदास हाय ना, एकेकाच्या कपाळावर तोच भोवरा. गेल्या दिवाळीला गेलो होतो. एक कालवड तर माझ्या मागं मागं यायला लागली की! म्हटलं, वळख लागली काय गं?"

"आणि कापशा अजून आहे, काका?" एकीनं विचारलं.

"हाय की. म्हातारा झालाय. पण ऐट तीच."

मुक्ताईला हे तोंडपाठ होतं. दर वर्षी दिवाळीनंतर संभा तिच्या स्वयंपाकघरात, टांगलेल्या दाव्याखाली बसायचा आणि कापशाच्या घरचं सांगायचा. कुठली गाय व्याली, काय झालं, भोवरा कुठे. ती चहा करता करता ऐकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणायची. स्वतः जायचं कितीदा ठरलं. कधी तिकडे दुष्काळ पडला आणि जनावरं छावणीत गेली, कधी त्या घरात सुतक आलं, मग तिचा गुडघा गेला. तिनं हट्ट धरला नाही. लेकीच्या सासरी उठसूट जाऊ नये.

"याला वेसण नाही घातली," ती म्हणाली.

"फायबरला कशाला वेसण? कुठं पळणार हाय ते?"

बायका हसल्या. मुक्ताईही हसली.

"म्हसवडकरांनी ठेवली होती का रे, मी वळलेली?"

"तर! लई दिवस टिकली. त्यांची म्हातारी म्हणायची, असली वेसण आमच्याकडं कुणाला जमत न्हाय. झिजून झिजून काळी झाली, मगच बदलली."

मुक्ताईचं तोंड उजळलं. हे नवीन होतं. इतक्या वर्षांत हे त्यानं सांगितलं नव्हतं.

नाक

"आत्या, तुम्ही आधी आत या, तुम्हाला एक दाखवायचंय," तेजस्विनीनं तिचा हात धरला. "एकदम सरप्राइज. बाबांनाही माहीत नाही. ते ऑपरेशनला ॲडमिट होते ना, तेव्हा त्यांची लोखंडी ट्रंक आवरली मी. काय काय निघालं त्यात."

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीशी काचेची पेटी, आत पिवळा दिवा. घुंगुरमाळ, पितळी तोडे, शिंगांच्या शेंब्या, आबांचा विळा. दाव्यासाठी एक हूक मोकळा ठेवला होता. आणि मध्ये, काळ्या मखमलीवर, एक वेसण.

"बघा किती जपून ठेवली होती बाबांनी. फडक्यात गुंडाळून, तळाशी. म्हटलं, ही तर शो-पीसच आहे."

मुक्ताईनं पेटीवर दोन्ही हात टेकले.

सूत पांढरं होतं. वेसण नाकात गेली की आठवड्यात पिवळी पडते, पंधरवड्यात काळी. शेंबूड, माती, आंबोण, सगळं तिच्यात मुरतं. ही कोरी होती. फक्त मधला वीतभर भाग जरा मळला होता, एखाद्या दिवसाएवढा. हिरवी चिंधी काल पिळल्यासारखी हिरवी. गाठ सुटलेली नव्हती, गाठीशेजारी एका फटक्यात कापलेली होती.

"आत्या? बसता का जरा? पाणी आणू?"

"नको."

"इमोशनल होणार तुम्ही, माहीत होतं मला." तेजस्विनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ही कापशाचीच ना?"

"हो."

"मग तशी चिठ्ठी लावते खाली."

मुक्ताई काचेतून बघत राहिली. वेसण कापताना संभानं डोळे मिटले असतील. तोंड खाटकाच्या माणसानं धरलं असेल, नाहीतर धरायची गरजच उरली नसेल. एवढा एक नेम मात्र त्यानं पाळला होता.

काचेत तिला मागचा दरवाजा दिसला. संभा पाहुण्यांना आत आणत होता, एकाला खांद्याला धरून भोवरा कुठे होता ते आपल्या कपाळावर बोट ठेवून दाखवत होता.

तोंड

भाषणं झाली. नगरसेवक येणार होते, त्यांचा निरोप आला. मुलांनी बैलाच्या मुखवट्याचा नाच केला. संभा पहिल्या रांगेत बसला होता. काळ्या चष्म्यातून त्याला पेटी दिसली असेल की नाही, सांगता येत नव्हतं. मधे एकदा त्यानं चष्मा काढून डोळा टिपला, पुन्हा लावला, आणि मग त्यानं त्या भिंतीकडे मान वळवली नाही.

"आणि आता," तेजस्विनी माईकवर म्हणाली, "ज्यांनी या गोठ्याचा शेवटचा वळू स्वतःच्या हातांनी सांभाळला, त्या आमच्या मुक्ताआत्या कापशाचं दावं आपल्या संग्रहाला अर्पण करतील. आणि त्याच्याबद्दल दोन शब्द सांगतील. आत्या, या."

टाळ्या झाल्या. मुक्ताई उठली. पिशवीतून दावं काढलं. इतक्या वर्षांच्या हळदकुंकवानं ते लालसर, ताठ झालं होतं. ती माईकपाशी गेली. तेजस्विनीनं माईक तिच्या उंचीला आणून दिला.

"म्हसवडचं मला काही ठाऊक नाही," मुक्ताई म्हणाली. "ते सगळं संभानं पाहिलंय."

लोकांनी आणखी थोडं ऐकायची वाट पाहिली. ती माईकपासून बाजूला झाली, पण पेटीकडे वळली नाही. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपाशी आली आणि संभाच्या पुढ्यात उभी राहिली.

"आक्का," तो अगदी हळू म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"काय बोलायचंय?"

त्यानं चष्मा नीट बसवला.

तिनं दावं त्याच्या मांडीवर ठेवलं. "दावं विकणाऱ्याकडं राहतं, संभा. माझ्याकडं चुकून राहिलं होतं."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बहिणीनं भावाच्या हाती वारसा सोपवला, असंच वाटलं असेल. साईनाथनं फोटो काढला, पुढून. संभाची बोटं दाव्यावरून फिरत फिरत सवयीनं फास शोधत होती.

मुक्ताई रिकामी पिशवी घडी करत बाहेर आली. ऊन उतरलं होतं. फाटकाकडे जाताना वाटेत बैल होता. या वेळी ती त्याच्या पुढून गेली.