भोंग्यातली जलमाता

सक्करदऱ्याच्या तलावावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. घाटाच्या पायऱ्यांवर बाया, कठड्यावर पोरं आणि पाण्याच्या कडेला हळदीकुंकवाने माखलेली मोटरबोट. तिची चावी फिरवली की आतला भोंगा जो किंचाळायला लागायचा, तो थांबायचाच नाही. साल १९८३. सातासमुद्रापलीकडून क्रिकेटचा कप आला होता आणि इथे लोक मोटरीपुढे नारळ फोडत होते.

गर्दीत महादेवराव उभे होते. बत्तीस वर्षं गिरणीत फिटर. भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, भोंग्यावर घरी आले. भोंगा वाजतो म्हणजे तो कुठेतरी दाबला जातो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

बोट पंचफुला चालवायची. विसर्जनात खोल पाण्यात गेलेल्यांना ओढून काढायचं काम आधी तिच्या नवऱ्याचं. तो काविळीने गेला, तेव्हा तलाव समितीने ते तिला दिलं. आता जलानंदबाबांचा कौल निघाला होता: विधवेचा हात लागला म्हणून देवी कोपली, बोट माझ्या चेल्याला, रुपरावला द्या. समितीचे अध्यक्ष बापूजी तयारच होते. आज चावी गेली की पंचफुलाची रोजी जाणार होती आणि दोन पोरींची शाळाही.

"हा यंत्राचा आवाज नाही, बच्चा!" बाबा गरजले. "जलमाता पाताळातून ट्रंककॉल लावून राहिली!"

त्यांनी मोटरीचं झाकण उघडलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि आत लाल दोरा बांधला. बापूजींनी चावी फिरवली. भोंगा गप्प! घाटावर जयजयकार झाला.

"आता त्या बाईले बसवा," बाबा म्हणाले.

पंचफुला बसली. सवयीने तिने मोटरीचं हँडल वळवलं आणि भोंगा किंचाळला. बिचारीने दचकून हँडल सरळ केलं आणि ती खाली उतरली, तिचे डोळे भरून आले. मग रुपराव हात जोडून बसला. भोंगा पुन्हा गप्प.

महादेवरावांच्या डोक्यात तिडीक गेली. पण रागापेक्षा त्यांची नजर तेज होती. बाईने हँडल वळवलं होतं. या पठ्ठ्याने त्याला हातही लावला नव्हता.

"रुपराव, हँडल धर गा. जरा डावीकडे वळव."

"काहून?"

"बोट चालवायची हाये ना तुले? का नुसता आरतीले बसला?"

रुपरावने वळवलं. भोंगा असा कोकलला की तो पाण्यात पडता पडता वाचला.

"बाईचा वारा लागला!" बाबा ओरडले.

"बाई तं तिकडे पायरीवर उभी हाये, बाबा. का आता रुपराव विधवा झाला?"

पायऱ्यांवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. महादेवराव बोटीत चढले.

"हा भोंगा मोटर तापली की वाजते. इथं तं मोटर सुरूच नाही झाली. बापूजी, लावा हात."

"थंडगार हाये," बापूजी हात लावून म्हणाले.

मोटरीच्या डोक्यावर ताप ओळखणारं एक बटण होतं; मोटर तापली की ते आपली तार लोखंडाला जोडायचं आणि भोंगा वाजायचा. महादेवरावांनी त्याची तार उपटली. तरी भोंगा चालूच.

"म्हणजे बटण चांगलं हाये. ही तारच मधात कुठंतरी लोखंडाले लागून राहिली."

तारेवरून हाताचं बोट फिरवत ते हँडलजवळच्या पट्टीपाशी आले. हँडल वळवून वळवून तिथे तारेवरचं रबर घासलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. तार उचलली, भोंगा बंद. टेकवली, सुरू. पुन्हा उचलली, बंद.

बाबांचा लाल दोरा नेमका त्याच तारेला बांधून बाजूला ताणला होता; हँडल सरळ असेपर्यंत तार लोखंडाला लागत नव्हती, वळवलं की लागायची.

"बाबा, इथं चार तारा हायेत. देवीले हीच कशी आवडली?"

तेवढ्यात पायरीवरच्या बायांतून शोभाताई ओरडल्या, "अगा बाई, हा बाबा तं बुटीबोरीचा ताराचंद लाउडस्पीकरवाला! माह्या लग्नात यानंच तारा जोडल्या होत्या!"

बाबांनी कमंडलू उचललं आणि गर्दीतून वाट काढायला सुरुवात केली. रुपराव त्यांच्याही पुढे होता.

महादेवरावांनी खिशातली चिकटपट्टी पंचफुलाच्या हाती दिली. "तुही मोटर हाये वं. तूच गुंडाळ."

तिने आधी तार मुद्दाम लोखंडाला टेकवली. किंकाळी उठली. तार उचलली.

"पाहून घ्या सारे," ती म्हणाली. तिने घट्ट पट्टी गुंडाळली आणि उपटलेली तार पुन्हा बटणाला लावली. बापूजींनी खाली मान घालून चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. मोटर सुरू झाली, मागून तिला थंड ठेवणारी पाण्याची धार पडू लागली, आणि पंचफुलाने हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पार टोकापर्यंत. भोंगा वाजला नाही. बोट तलावाच्या मध्यावर निघून गेली.

लोक अजून उभेच होते. महादेवराव त्यांच्याकडे वळले.

"आवाज आला तं कुठून आला ते शोधा, हात लावून पाहा. मोटर बिघडली तं मोटर उघडा, बाप्पा. बाईचं कपाळ काहून पाहता?"