चहाची ओळ

सरलाबाईने पाटावर कोरा कागद सरळ केला आणि कथेचं सातवं पान उतरवायला घेतलं. तिचा नवरा पंडित सुरतच्या एका मिलमध्ये हजेरी लिहीत असे आणि घरी कथा. त्याचं अक्षर कुणाला लागत नसे. छापायला धाडायची प्रत तीच करून देई.

ही कथा एकदा परत आली होती. मूल दगावतं आणि आई रडत नाही, तिचं दुःख पोचत नाही, असं संपादकांनी कळवलं होतं.

"आता बघ, कशी रडवली तिला," चपला घालता घालता पंडित म्हणाला.

कथेत आता आई ऊर बडवत होती. बाप उशाशी बसून पोरीचा हात सोडत नव्हता.

सरलाबाईचं पेन थांबलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांची पोर सीता गोवराने गेली तेव्हा ती रडली नव्हती. नळाला पाणी आलं होतं. तिने आधी हंडे भरले, कारण पोरीला शेवटची आंघोळ घालायची होती. पंडित जळगावला कथा वाचायला गेलेला. तार दुपारीच त्याच्या हाती पडली, पण वाचन संध्याकाळी होतं. दुसऱ्या दिवशी तो आला तोवर लिंबायत वस्तीतल्या शेजाऱ्यांनी पोरीला माती दिली होती.

आईचं रडणं तिने शब्दन् शब्द उतरवलं. बापाच्या ओळी मात्र गाळल्या आणि त्या जागी लिहिलं : 'बाप दुसऱ्या दिवशी आला. चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि विचारलं, चहा आहे का?'

हे वाचून त्याला काहीतरी बोलावंच लागेल, एवढंच तिला हवं होतं. त्याने नुसती पानं मोजली आणि पाकिटाला डिंक लावला.

एकाहत्तरच्या दिवाळीत अंक आला. शेजारचा सुकलाल तो हातात घेऊनच घरात शिरला.

"काय लिहिलं भो, पंडितभाऊ! ती रडारड सोडा. पण हा बाप! तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून चहा मागतो बिचारा."

पंडितने अंक ओढून घेतला. ओळ वाचली. मान वर करायला त्याला वेळ लागला.

"भावना सांगायची नसते, सुकलालभाऊ," तो म्हणाला. "दाखवायची असते."

सुकलाल गेल्यावर तो मोरीपाशी आला. सरलाबाई कपबशा विसळत होती.

"ती ओळ तुझी?"

"हो."

तो मोरीच्या कठड्यावर टेकला. तिचे हात पाण्यात थांबले. पोर जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. आज तो सीताचं नाव घेईल, असं तिला वाटलं.

"अशा ओळी अजून आहेत का?" त्याने विचारलं.