टाचणीचं गवत

"आदी चप्पल काढ! शिमिट वलं हाय अजून," नाथामामा ओरडले आणि शिवांजली झऱ्याच्या काठावर जागच्या जागी थबकली.

काठ उरलाच नव्हता. देवराईतल्या त्या झऱ्याला मामांनी चारी बाजूंनी गुळगुळीत कट्टा बांधला होता. शिराळ्याच्या कॉलेजात शिकवणारी भाची पेपर तपासायला सांगलीला गेली, तेवढ्यात हा पराक्रम!

"तुज्या फुलपाखरांसाठी केलं बग," मामा म्हणाले. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस; काम हातात घेतलं की तडीस नेणार. "वल्या जाग्यावर बसून पाणी पित्यात म्हणाली व्हतीस की. म्हटलं, चिखलात कशाला बसायचं बिचाऱ्यांनी?"

देवराईतल्या एका मोठ्या फुलपाखराचं सगळ्या गावाला वेड. दुर्मीळ म्हणून फाट्यावर त्याचं चित्र लागलेलं. त्याच्या अळ्या सापसंदीचा पाला खातात म्हणून पोरं त्या वेलाला हातसुद्धा लावत नव्हती. शिवांजलीचा जीव मात्र अडकला होता टाचणीत. टाचणी म्हणजे चतुर किड्याची काडीएवढी बारीक बहीण. फुलपाखरू निदान पलीकडच्या रानातही दिसे. ही टाचणी तिला सगळा तालुका पालथा घालून या एका झऱ्यावरच सापडली होती. पण माणसाची जातच मेली रूपाला भुलणारी! टाचणीला कुत्रं विचारत नव्हतं.

"मामा, काठाचं गवत कुठाय?"

"म्हशीला घातलं. लय चवीनं खाल्लं तिनं."

"आवं, त्या काड्यांच्या आत टाचणीची अंडी होती. सगळी."

मामांचा चेहरा उतरला. "मला काय ठावं गं, पोरी?" ते वळले. "पहार आणतो. फोडतो आत्ताच्या आत्ता."

"फोडून गवत कधी उगवायचं, मामा?" राग तरी कुणावर काढायचा? भर उन्हात राबून त्यांनी हे तिच्यासाठीच केलं होतं. तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात टाचण्यांची एक जोडी आली. मादी सिमेंटवर उतरली, शेपूट वाकवून टोचू लागली. थोडी सरकली, पुन्हा टोचू लागली.

"काय करतीया गं ती?"

"अंडी घालायला काडी शोधतेय."

मामांनी वरच्या बांधावरून मूठभर हिरवं गवत उपटून आणलं. दुखरे गुडघे सावरत ते पाण्यात उतरले, उकिडवे बसले आणि गवताची मूठ पाण्यात उभी धरली. जोडी एकदा जवळून गेली आणि परत सिमेंटवर जाऊन बसली.

"तू जा घरला," मामा अजिबात न हलता, हलक्या आवाजात म्हणाले. "मी हाय हितं."