समोरून धरलेलं पुस्तक

साकोलीत कराटे शिकवणारा एकच माणूस आहे, आणि त्याला माणूस म्हटलेलं चालत नाही. सेन्सेई म्हणा, म्हणतो, म्हणजे जपानीत गुरुजी. खरं नाव वीरेंद्र. सानगडीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, म्हणून मी त्याला वीरू म्हणतो. चारचौघांत ते त्याला आवडत नाही, त्यामुळे मी चारचौघांतच म्हणतो.

मी घनश्याम, बसस्टँडसमोरचा टेलर. वीरूच्या क्लासातल्या साठ पोरांचे पांढरे ड्रेस माझ्याच मशीनवर शिवलेले. माझी मुलगी दामिनी नऊ वर्षं त्याच्याकडे शिकते आहे. अंगात ताप असला तरी गेली, दहावीच्या पेपराच्या आदल्या दिवशीही गेली. त्या आठवड्यात रविवारी नागपूरला तिची काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. बाहेरच्या परीक्षकांसमोर उभी राहणारी ती साकोलीतली पहिलीच. आजवर परीक्षा वीरूच घ्यायचा, पट्टाही वीरूच बांधायचा आणि भाषणही वीरूच ठोकायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

नागपूरच्या फॉर्मवर शिक्षकाची सही लागते. ती बुधवारी मिळायची होती. मिळाली नाही, कारण दामिनीच्या बॅगेत वीरूला पुस्तक सापडलं.

पुस्तकांवर या माणसाचा फार राग. 'पुस्तक वाचून कोनी पोहाले शिकते का?' हे त्याचं ठरलेलं वाक्य, आठवड्यातून दोनदा. जणू याच्याकडे पोरं पुस्तकांचे ढीग घेऊनच येतात. त्या दिवशी त्याने ते पुस्तक दोन बोटांत मेलेला उंदीर धरावा तसं धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"पाहा, आमच्या म्याडम आता पुस्तकातून कराटे शिकून राहिल्या!"

पोरं हसली. वीरू म्हणाला, "पुस्तक घरी ठेवाचं, माझ्यासमोर काता मी शिकवला तसा कराचा, मंगच सही भेटन."

काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, एकट्याने करायचा. परीक्षेत पहिल्यांदा तोच बघतात. दामिनी घरी आली, जेवली नाही. मला म्हणाली, "बाबा, सरनं शिकवलेला आखाच्या आखा काता उलटा हाये. पहिलं वळण डावीकडे पाहिजे, सर उजवीकडे शिकवतात. पुढचं सारंच उलटं. नऊ वर्षांपासून मी उलटं करून राहिली."

"मोबाईलवर पाहून घे ना."

"पाहिलं. सरले दाखवलं बी. सर म्हणतात, सेल्फी क्यामेऱ्यात सारं उलटंच दिसते."

मी खो खो हसलो. म्हटलं, वीरू तो वीरूच, आरशावर आळ घेईल पण स्वतःवर नाही. हसत हसत तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि माझं हसू तिथेच आटलं. पुस्तकाची पाठ मशीनच्या निळ्या दोऱ्याने शिवलेली होती. तो दोरा माझा होता. पुस्तकही माझंच. पेटीत जुन्या चिंध्यांखाली ते कधीचं पडलेलं होतं, महिन्यापूर्वी तिला सापडलं.

तेवीस वर्षांपूर्वी वीरूने आणि मी ते नागपूरच्या फुटपाथवरून आणलं. मग रोज सकाळी सानगडीच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मी पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरायचो आणि तो फोटो बघून हातपाय हलवायचा. फोटोतला जपानी आपल्याकडे तोंड करून उभा. त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. वीरूही उजवीकडेच वळायचा आणि मी म्हणायचो, "बराबर!" गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो, हे टेलरला पहिल्या आठवड्यात कळतं. पण तेव्हा मी टेलर नव्हतो, नुसता गाढव होतो. प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. इंग्रजीत आम्ही दोघंही नापास. त्या ओळी आम्ही नक्षी समजून सोडून दिल्या.

वर्षभराने वीरूला काळा पट्टा हवासा वाटला. तो मी शिवला, जुन्या छत्रीच्या कापडाचा. पुढे तो साकोलीत आला, क्लास काढला, आणि त्याच्या बोलण्यात एक गुरू उगवला. नागपूरला राहणारा जपानी, याला विद्या देऊन मायदेशी गेलेला. त्या जपानी गुरूला मी रोज दाढी करताना आरशात भेटतो. पण बोललो कधीच नाही. ड्रेस शिवत राहिलो.

पारीवरचं ते सगळं माझ्याकडून ऐकून दामिनी म्हणाली, "बाबा, फोटो उलटा समजू शकते मानूस. पन खाली लिहून हाये ना, 'डावीकडे'. हे अक्षर कसं उलटं समजन?"

त्या पुस्तकाचं मोल मला तेवीस वर्षांनी, तेही माझ्या पोरीकडून कळलं. महिनाभर ती पहाटे गच्चीवर पुस्तकातला सरळ काता करत होती आणि संध्याकाळी क्लासात सरांचा उलटा. दोन्ही पाठ. आणि तरी तिच्यापुढे पेच होता. सरांचा केला तर सही मिळणार आणि नागपुरात नापास. पुस्तकातला केला तर सहीच नाही. नऊ वर्षांची मेहनत दोन्हीकडून मातीत.

"तुमीच सांगा, काय करू?"

मला लाज वाटली. खरंच सांगतो, फार लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी मी क्लासात गेलो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पोरांच्या रांगा, खुर्च्यांवर आईबाप. वीरूने दामिनीला पुढच्या रांगेत बोलावलं आणि सगळ्यांना काता करायला सांगितला. हाक पडली. बाकी सारी पोरं उजवीकडे वळली, माझी एकटी डावीकडे. शेजारची एक छोटी पोरगी तिच्या पोटावरच आदळली. लोक हसले.

"चुकली!" वीरू गरजला. "पाहा! पुस्तकानं हे असं होते!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी खुर्चीवरून उठलो.

"वीरू, पोरगी नाही चुकली बे. आपन चुकलो. पुस्तक मी धरलं होतं."

"कोनतं पुस्तक?"

"तलावाच्या पारीवरचं. तुह्या जपानी गुरूचं. उजवं-डावं मीच तुले उलटं दाखवलं, अन् तूनं या साऱ्या पोट्ट्यायले उलटं शिकवलं."

वीरूचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा झाला. आईबाप एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत आम्हा दोघांत काही फरक नव्हता. नसावाच.

"घनश्याम, घरी बोलू आपन," तो हळूच म्हणाला.

"सही कर. नाही त छत्रीचं बी आता इथंच सांगतो."

छत्रीचं नाव निघाल्याबरोबर त्याने पेन मागितलं आणि सही ठोकली. एवढ्या चपळाईने त्याला हात हलवताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी दामिनी नागपुरात पास झाली. परीक्षकांनी गुरूचं नाव विचारलं, तर ही म्हणाली, "वीरेंद्र सर, साकोली." परतीच्या बसमध्ये मी तिच्यावर चिडलो.

"त्या भोंदूचं नाव काहून सांगितलं?"

"बाबा, पडल्यावर उठाचं कसं, मार खाऊन उभं राहाचं कसं, हे सरनंच शिकवलं. त्याईची बाजू तेवढी चुकली. ते पुस्तकानं सांगितली."



पुढच्या रविवारी दुपारी वीरू दुकानात आला. हातात पॅन्ट. म्हणे खालची शिलाई उसवली. मी पाहिली, कुठेच उसवलेली नव्हती. थोडा वेळ त्याने कॅलेंडर बघितलं, मग पंखा बघितला.

"ते पुस्तक देशील का?" शेवटी म्हणाला. "पेपरचं कव्हर घालून दे. कोनाले दिसाले नको."

इतकी वर्षं पुस्तकांना शिव्या देणारा माणूस आता कव्हर मागत होता! माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली, एकापेक्षा एक झोंबणारी. त्यातलं पहिलं तोंडातून निघणार, तेवढ्यात दामिनी आतून पुस्तक घेऊन आली. वीरू सवयीने तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, हात कमरेशी बांधून, पारीवर माझ्यासमोर राहायचा तसाच.

"समोरून नाही, सर," ती म्हणाली. "इकडं या. माह्या बाजूले उभे राहा."

तो कापडाच्या कपट्यांतून चालत गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. दामिनीने फोटोवर बोट ठेवलं नाही. फोटोखालच्या ओळीवर ठेवलं आणि एकेक शब्द मराठीत सांगितला.

"डावीकडे."

वीरूचा उजवा पाय हलला. थांबला. मग बऱ्याच वेळाने डावा पुढे आला, आणि तोल जाऊन तो कापडाच्या गठ्ठ्यावर टेकला.

मला हसू आलं होतं. पण पारीवर पुस्तक मीच धरलं होतं.