गुडघ्यावरची फळी

“ओ ताई, ती फळी सरकवा की जरा! कोपरा बरगडीत रुततोय माझ्या.”

“सरकवते हं, दादा. समोरच्या आजींचा कान तेवढा संपू दे.”

“कान? कुणाचा कान?”

बरगडीत रुतणारा तो कोपरा माझा. मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. दीड वीत लांब, वीतभर रुंद, वरच्या कडेला पत्र्याचा चिमटा. परीक्षेला जाताना कागद लावायला तुम्ही जे पॅड नेता ना, त्याची मी दूरची, गरीब मावशी. गेली बावीस वर्षे बल्गेरियातल्या सोफिया शहराच्या ट्रामगाड्यांतून नेवेनाच्या गुडघ्यावर बसून मी फिरते आहे. आणि खरे सांगायचे तर आता दमले आहे.

माझा जन्म एका कपाटाच्या पाठीतून झाला. नेवेना तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचे काम करी. चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. कामाला जाता-येता ट्राममध्ये समोर जो बसेल त्याला ती काचांच्या वेष्टनाच्या कागदावर उतरवून घेई. कागदाखाली टेकायला तिची कापडी पिशवी. ही चित्रे पाहून तिचा नवरा मेतोदी एकदा म्हणाला, “अगं, या सगळ्यांना बटाट्यासारखी डोकी का?”

“पिशवी खचते. मी काय करू?”

मेतोदीने त्याच रविवारी आईच्या जुन्या कपाटाची पाठ करवतीने कापली, कडा घासल्या, चिमटा ठोकला आणि मला तिच्या हातात दिले. “घे. आता बटाटे आले तर दोष तुझा.”

बटाटे आले नाहीत. माणसे आली. पण बहुतेक अर्धवट. ट्राममध्ये चित्र काढणे म्हणजे काय असते ते मला विचारा. तुम्ही भुवई काढेपर्यंत माणूस उठून उतरून जातो. माझ्या चिमट्यात अशी किती माणसे अडकून राहिली! कुणाला हनुवटी नाही, कुणाला नुसताच मफलर. एका बाईचे तर फक्त चिडलेले ओठ आहेत. आपले चित्र निघते आहे हे कळले की माणसे तऱ्हेतऱ्हेची वागत. पुरुष कॉलर सरळ करून पोट आत घेत. बायका म्हणत, “आज नको हो, आज केस धुतले नाहीत.” कुणी रागाने जागा बदलली, की नेवेना त्याच्या रिकाम्या खुर्चीचेच चित्र काढी.

माझ्याही वाट्याला एकदा कौतुक आले. पेठेतल्या वाचनालयाने भिंतीवर दोरी बांधून तिची तीस चित्रे चिमट्यांनी टांगली. एक ट्रामचालक ती बघत बघत एका चित्रापुढे थबकला. चित्रात पाठमोरी मान होती, बाकी काही नाही. “ही माझी मान!” तो ओरडला. “माझी बायको सतरा वर्षं सांगतेय की मागे वळी पडलीये म्हणून. मी मानत नव्हतो!” सगळे हसले. नेवेनाने ते चित्र त्याला देऊन टाकले. मला कुणी टांगले नव्हते. मी खाली पिशवीत होते. पण ऐकू येत होते.

मग उपेक्षेचे दिवस आले. मुलीला जुळी झाली आणि नेवेनाचे दोन्ही हात तिकडे गुंतले. तीन वर्षे मी स्वयंपाकघरात होते. ओव्हनमधून निघालेल्या बानित्साचे, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचे, गरम भांडे माझ्यावर टेकवत. पोटावरचा हा गोल तपकिरी डाग त्याचाच. एका उन्हाळ्यात मेतोदीने मला बाल्कनीची खिडकी अडवायला लावले, तेव्हा एक कोपरा तुटला. मी तक्रार करत नाही. खिडकी अडवणे हेही काम आहे. फक्त त्यात चेहरे दिसत नाहीत.

नेवेना निवृत्त झाली आणि आम्ही पुन्हा बाहेर पडलो. या वेळी खालच्या मजल्यावरची वास्का बरोबर असे. वास्काला रेघ ओढता येत नाही. पण नजर घारीची.

“डावीकडे, टोपीवाला,” ती पुटपुटे. “डुलक्या खातोय. तीन स्टॉप तरी मिळतील.”

“मिशा कठीण आहेत गं.”

“मिशा मी मोजून देते. तू काढ.”

आम्ही ट्राममध्ये जात असू, बाजारात, बागेतल्या बाकावर, रेल्वे स्टेशनच्या थंड प्रतीक्षालयात. आता जे सांगते आहे ते त्या प्रतीक्षालयात सुरू झाले.

मित्रांनो, माझ्या जागेची एक गंमत आहे. मी गुडघा आणि कागद यांच्या मधोमध असते. खालून काय हलते ते मला कळते आणि वरून काय हलते तेही. ट्रामची थरथर खालून येते. रुळांच्या सांध्यावर धडधड, वळणावर किरकिर, उतारावर गुरगुर. बावीस वर्षांत ती मला पाठ झाली आहे. त्या दिवशी आम्ही लाकडी बाकावर बसलो होतो. एकही गाडी येत-जात नव्हती. खाली सगळे शांत. आणि वरून, पेन्सिलीच्या टोकातून, एक बारीक थरथर आली. अंगठ्याची. उंबरठ्यावर उभे राहून कुणीतरी हलकेच टकटक करावे तशी.

नेवेनाने पेन्सिल ठेवली आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

तिच्या वडिलांचे दुखणे असेच अंगठ्यापासून सुरू झाले होते. ते घड्याळे दुरुस्त करायचे. शेवटी शेवटी त्यांना सूपसुद्धा दुसऱ्याने भरवावे लागे. त्या काळातले त्यांचे चित्र नेवेनाने माझ्यावरच काढले आहे. त्यात तिने हात काढले नाहीत. पांघरूण काढले.

प्रतीक्षालय सुटले. मग बाग सुटली, बाजार सुटला. आता फक्त ट्राम. टोकदार पेन्सिल जाऊन मऊ, जाड पेन्सिल आली. रेघ वाकडी गेली की नेवेना म्हणे, “ट्राम हलते.” वास्का म्हणे, “हलते म्हणजे काय, दात पडतील एखाद्या दिवशी.” मेतोदी संध्याकाळी चित्रे बघून म्हणे, “रुळांचं काही खरं नाही बुवा.” आणि उठून तिचा कॉफीचा कप भरून आणी. अर्धाच. घरातला तिचा कप केव्हापासून अर्धा भरला जाऊ लागला, ते कुणी बोलले नाही. सांडायला नको, हेही कुणी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात तर कमाल झाली. नव्या गुळगुळीत ट्रामगाड्या आल्या आहेत. त्यात पेला ठेवला तर पाणी हलत नाही. अशी ट्राम आली की नेवेना ती सोडून देई.

“गर्दी आहे,” ती म्हणे. आत चार माणसे.

“हो, फार गर्दी,” वास्का म्हणे आणि बर्फात पाय आपटत जुनी खडखडणारी ट्राम येईपर्यंत तिच्याशेजारी उभी राही. जुनी आली की आम्ही मागच्या चाकांवरची जागा पकडायचो. सर्वांत जास्त हादरे तिथे बसतात.

दोन्हीकडून थरथर अंगावर घेऊन मी दमले ती याच हिवाळ्यात. लाकूड आहे म्हणून काय झाले?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने सांगता सांगता काहीतरी मागावे असे म्हणतात. मला तेल नको, पॉलिश नको. तुटलेला कोपराही राहू द्या. एवढेच करा. ज्या माणसाला तुम्ही रोज जवळून बघता, त्याच्या दुखण्याचा दोष रस्त्यावर, रुळांवर, हवेवर ढकलू नका. प्रेमाने ढकलला तरी तो ढकललाच. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. मार्च लागला की आमच्याकडे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि पहिले फुललेले झाड दिसले की तो सोडून त्याच्या फांदीला बांधतात. नेवेनाच्या मनगटावरचा दोरा वास्काने बांधला होता. खाली दोन छोटे गोंडे, एक लाल, एक पांढरा. दुपारची वेळ. जुनी ट्राम, मागच्या चाकांवरची जागा. समोर पातीच्या कांद्याच्या जुड्या मांडीवर घेतलेली एक ऐसपैस बाई.

“मला काढताय का?” तिने ओळखलेच. “काढा, काढा. फक्त हनुवटी एकच काढा.”

“दोन दिसताहेत की,” वास्का म्हणाली.

“दुसरी नवऱ्याची आहे. मी नुसती सांभाळते.”

नेवेना हसली. नाक उतरले, कपाळावरचा रुमाल उतरला. तेवढ्यात ट्रामने एक आचका दिला आणि ती थांबली. दिवे गेले.

“वीज गेली!” चालक पुढून ओरडला. “दारं उघडतो. घाई असेल त्यांनी चालत जा.”

“आणि ज्यांना घाई नाही त्यांनी?”

“त्यांनी माझ्यासारखं बसा!”

काही उतरले, काही बसले. कांदेवाली बसली, म्हणून आम्हीही बसलो. पाच मिनिटे गेली, पंधरा गेली. माझ्या खालची बाजू इतकी शांत मी कितीतरी दिवसांत अनुभवली नव्हती. नेवेना मान खाली घालून काढत राहिली. वरून मात्र थरथर येत होती, आणि आता तिला लपायला खाली काहीच नव्हते. वीज यावी, निदान एक धक्का बसावा, असे मला वाटत होते. ते दोन गोंडे हलत होते. लाल, पांढरा, लाल, पांढरा. कांदेवालीची नजर त्यांच्यावर होती.

“बघू तरी,” ती म्हणाली. नेवेनाने मला उलट फिरवून तिच्यापुढे धरले.

“नाक माझंच आहे बाई. हनुवटी एकच, देव तुमचं भलं करो! पण ही गालाची रेघ अशी का हो? पाण्यात बघितल्यासारखी?”

नेवेनाने मला परत गुडघ्यावर टेकवले. वास्का झटकन पुढे झाली, रोजच्या सवयीने. “ट्राम हलते ना ताई! रुळच तसले. त्यात ही काय करणार?”

कांदेवालीने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर चपलांचे दुकान होते आणि त्याच्या काचेत एक लाल बूट. मघापासून तोच बूट. तिने वास्काकडे पाहिले, मग नेवेनाकडे.

“हो, हो,” ती हळूच म्हणाली. “हलतेच ही मेली. फार हलते.”

आता वास्काच्या लक्षात आले. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि ती मांडीवरच्या पिशवीचे बंद उगाच सोडू-बांधू लागली.

नेवेनाने पेन्सिल चिमट्यात अडकवली. डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले. गोंडे थांबले. तिने हात सोडला. गोंडे पुन्हा हलू लागले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघते तशी, नीट, न चुकवता.

“वास्का,” ती म्हणाली, “ट्राम उभी आहे गं. हलतोय तो माझा हात.”